भिक्षुगीता कोणी कोणास सांगावी?

आज फाल्गुन वद्य षष्ठी. शके १५२१ मध्ये याच तिथीस श्रीएकनाथ महाराजांनी पैठणक्षेत्री गोदामाईच्या प्रवाहात देह ठेवला. या तिथीस आपली परंपरा पंचपर्वा म्हणते. नाथांचे गुरू जनार्दनस्वामी यांचा जन्म याच तिथीचा, त्यांस श्रीदत्तात्रेयांचे दर्शन घडले ते याच तिथीस, नाथांची आणि त्यांची पहिली भेट हीच तिथी धरून, स्वामींचे निर्याण याच तिथीस, आणि अखेर नाथांची जलसमाधीही याच तिथीची. ज्या पुरुषाने गुरूच्या निर्याणतिथीलाच आपल्या प्रयाणाचा मुहूर्त मानला, त्याच्या मनाची घडण कशी असेल, हा विचार या दिवशी मनात आल्यावाचून राहत नाही.

नाथांनी मनाविषयी पुष्कळ लिहिले. त्यांत आम्हांस सर्वांत जवळचे वाटत आले ते श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधातील तेविसाव्या अध्यायावरील त्यांचे निरूपण. या अध्यायास भिक्षुगीता असे नाव आहे. संपूर्ण एकादश स्कंधावरील नाथांची टीका, जिला आपण एकनाथी भागवत म्हणतो, ती शके १४९५ मध्ये, म्हणजे इसवी सन १५७३ मध्ये, वाराणसीत पूर्ण झाली. प्राकृतात शास्त्र सांगतो म्हणून काशीच्या पंडितांनी प्रारंभी नाथांना विरोध केला, असे परंपरा सांगते. तेव्हा अपमान कसा सोसावा हे सांगणारा हा अध्याय ज्या हाताने उकलला, त्या हातास अपमानाची ओळख होती. ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

याच अध्यायाने आमच्या हातून एकदा एक अपराध घडविला. वस्तुतः अपराध अध्यायाचा नव्हे, आमचा. तो आज या पर्वणीस वाचकांपुढे ठेवावा असे मनात आहे. प्रथम मूळ कथा सांगू.

अवंतीचा कदर्य

भगवान श्रीकृष्णांनी उद्धवास सांगितले की, साधकाने दुर्जनांचे बोल सोसावेत. त्यावर उद्धव म्हणाला, देवा, हे विद्वानांसही साधत नाही. भगवंतांनी ते मान्य केले. बाण लागला तर शरीर विंधते, पण कठोर शब्द त्याहून खोल जातो, हे प्रत्यक्ष भगवंतांनीच कबूल केलेले आहे! आणि मग त्यांनी ही जुनी कथा सांगितली.

अवंतीदेशात एक ब्राह्मण राहत होता. शेती आणि व्यापार यांवर त्याने अमाप संपत्ती जोडली होती; परंतु तो पराकाष्ठेचा कृपण होता. अतिथीस अन्न तर दूरच, गोड शब्दही देत नसे. घरची माणसे, नोकरचाकर, आप्त सर्वांना त्याने तळमळत ठेवले. स्वतःच्या देहासही वेळेवर सुख दिले नाही. पुत्र, पत्नी, कन्या, सेवक सारे त्याच्यावर विटले. देवांचा, पितरांचा, अतिथींचा वाटा त्याने बुडविला, तेव्हा त्यांचाही आधार सुटला. मग काही धन भाऊबंदांनी नेले, काही चोरांनी, काही दैवाने आणि काही राजाने. एके दिवशी हा धनिक केवळ म्हातारा आणि रिता असा उरला.

इथे त्यास जाग आली. धनापाठीमागे चोरी, हिंसा, असत्य, दंभ, वैर, अविश्वास असे पंधरा अनर्थ कसे चिकटून येतात, हे त्याने स्वतःच्या जन्माकडे पाहून मोजले. उरलेले आयुष्य तरी सार्थकी लावावे म्हणून तो भिक्षू झाला आणि गावोगाव हिंडू लागला. पण गाव जुना हिशेब विसरत नाही. लोकांनी त्याचा दंड ओढला, कमंडलू पळविला, जपमाळ हिसकली, परत देतो म्हणून पुढे केली आणि पुन्हा काढून घेतली. नदीकाठी भिक्षान्न खावयास बसला तर त्याच्या अंगावर थुंकले. मौन धरले तर बोलावे म्हणून मारले. चोर म्हणून दोरीने बांधले. पैसा गेला, घरच्यांनी हाकलले, म्हणून आता साधूचे सोंग आणले आहे, असे टोमणे मारले.

त्या वेळी तो जे गायला, ती भिक्षुगीता. माझ्या सुखदुःखाचे कारण कोण, असा प्रश्न तो करतो आणि एखाद्या न्यायसभेप्रमाणे सहा जणांना क्रमाने उभे करतो. लोक कारण आहेत काय? देवता? आत्मा? ग्रह? कर्म? काळ? एकेकाची तपासणी होते आणि एकेक निर्दोष सुटतो. लोकांविषयी तो देतो तो दृष्टान्त तर विसरता येत नाही. आपल्याच दातांखाली आपलीच जीभ सापडली तर माणसाने कोणावर रागवावे? दातांवर? अखेर पिंजऱ्यात एकटे मन उरते. सुखदुःखाचे हे चक्र फिरविणारे तेच. दान, व्रत, अध्ययन, स्वधर्म या साऱ्यांचे फळ एवढेच की मन आवरावे. आणि ज्याचे मन आवरले, त्यास बाहेरचा वैरी उरत नाही.

तत्त्वज्ञानाची इतकी उंची इतक्या साध्या शब्दांत फार थोड्या ठिकाणी सापडते. कीर्तनाच्या पूर्वरंगास याहून सुंदर विषय नाही, असे आम्ही अनेक वर्षे मानीत होतो.

एका बाईचा प्रश्न

तीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. मराठवाड्यातील एका खेड्यात उत्सवानिमित्त आमचे कीर्तन होते. गावाचे नाव सांगण्याचे कारण नाही. त्या रात्री पूर्वरंगास आम्ही भिक्षुगीता घेतली. वय तरुण, आवाज मोकळा, पाठांतर ताजे. सहा जणांची ती तपासणी आम्ही अशी काही रंगविली की मंडपात टाचणी पडली तरी ऐकू यावी. 'दुःख देणारा कोणी नाही, दुःख मनच देते' हे वाक्य आम्ही चार वेळा फिरवून फिरवून म्हटले आणि चारही वेळा टाळ्या घेतल्या.

आरती झाली, बुक्का लागला, मंडळी पांगली. यजमान पुढे आले. गावातील वजनदार गृहस्थ. मंडप त्यांचा, बिदागी त्यांची, रात्रीचे जेवणही त्यांच्याच वाड्यात. पाया पडून म्हणाले, "बुवा, आजचं निरूपण फार पटलं. माणूस उगाच दुसऱ्याला दोष देतो." आम्ही प्रसन्न झालो.

ते वळताच खांबाआडून एक बाई पुढे आली. पन्नाशीची असावी. डोईवर पदर, कपाळ मोकळे. हात जोडून म्हणाली, "बुवा, एक इचारू का?"

"विचारा, बाई."

"मालक गेल्यावर दिरानं कागदावर माझा अंगठा घेतला. तीन एकर व्हती, ती त्याच्या नावावर झाली. म्या दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते. तुमी म्हनला, दुक मनच देतं. मंग जिमीन गेली ती बी मनानंच गेली का?"

आमच्यापाशी उत्तर तयार होते. संस्कृत शिकलेल्या माणसापाशी उत्तर नेहमी तयार असते. आम्ही तिला एक श्लोक म्हणून दाखविला, त्याचा अर्थ सांगितला, देहाचे आणि आत्म्याचे अंतर समजाविले, हातावर नारळ ठेवला आणि म्हटले, "नाम घेत जा, बाई. मन शांत होईल." ती काही बोलली नाही. नारळ कपाळाला लावून अंधारात निघून गेली.

जेवताना वाढप्याने सहज सांगितले तेव्हा कळले की तिचा दीर म्हणजे आमचे यजमान.

त्या पानावरचे अन्न आम्ही खाल्ले. बिदागीही घेतली. पहाटेच्या एस.टी.ने परत आलो. हे लिहिताना आजही लाज वाटते. पुढे तीन वर्षांनी त्याच गावी पुन्हा बोलावणे आले, तेव्हा आम्ही मुद्दाम तिची चौकशी केली. ती लेकीकडे निघून गेली होती. कोणत्या गावी, हे कोणास सांगता आले नाही. क्षमा मागावयाची राहिली ती राहिलीच.

आमचे चुकले ते कोठे?

श्लोकाचा अर्थ आम्ही चुकीचा सांगितला नव्हता. मग चूक कोठे झाली? मीमांसकांनी ग्रंथाचे तात्पर्य ठरविण्यासाठी उपक्रम आणि उपसंहार, म्हणजे आरंभ आणि शेवट, जुळवून पाहण्याचा नियम घालून दिला आहे. हा नियम आम्ही पाठशाळेत शिकलो होतो, पण या अध्यायास तो कधी लावला नव्हता. त्या रात्रीनंतर लावला, आणि तीन गोष्टी दिसल्या.

पहिली अशी की, भिक्षुगीता बोलतो तो भिक्षू स्वतःच. हे गीत प्रथमपुरुषी आहे. 'माझ्या' दुःखाचे कारण कोण, असे तो विचारतो. 'तुझ्या' दुःखाचे कारण तुझे मन, असे तो कोणासही म्हणत नाही. साऱ्या अध्यायात त्याने एकाही दुःखिताच्या दारी जाऊन हे औषध विकलेले नाही. जे वाक्य 'मी' म्हणून उच्चारले असता अमृत होते, तेच 'तू' म्हणून दुसऱ्याच्या तोंडात कोंबले असता विष होते. व्याकरणातील पुरुष बदलला की धर्म बदलतो!

दुसरी गोष्ट अशी की, हा भिक्षू पूर्वायुष्यात निरपराध नव्हता. इतकी वर्षे ती कथा सांगत असूनही हे आमच्या ध्यानी आले नव्हते. ज्याने सेवकांना उपाशी ठेवले, आप्तांना तळमळविले, अतिथीस विन्मुख पाठविले, तोच हे गीत गातो. भागवतकारांना हे गीत एखाद्या जन्मजात साधूच्या तोंडी घालता आले नसते काय? त्यांनी ते एका पश्चात्तापदग्ध कदर्याच्या तोंडी घातले. ज्याने इतरांस दुःख दिले, त्याच्या वाट्याला दुःख आले असता त्याने जगास दोष न देता स्वतःच्या मनाकडे पाहावे, हा या कथेचा उपक्रम आहे. त्या रात्री मंडपात भिक्षुगीता कोणास ऐकवावयाची होती? खांबाआडच्या बाईस नव्हे. पहिल्या रांगेत लोडाला टेकून बसलेल्या गृहस्थास. आम्ही औषध नेमके भलत्या रोग्यास पाजले, आणि खरा रोगी ते गोड लागले म्हणून तृप्त होऊन उठला.

तिसरी गोष्ट काळाची. भिक्षूने हे गीत गाइले तेव्हा त्याने काही मागावयाचे राहिले नव्हते. त्याने सर्व सोडले होते. आपण होऊन सोडणे आणि दुसऱ्याने हिसकून घेणे यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. संन्यास घेतलेल्याचा धर्म लुबाडलेल्यावर लादला, तर त्यास वैराग्य म्हणत नाहीत. ती लूट पचविण्याची सोय होते.

नाथांच्या घरची दोन मापे

आमच्या नारदीय कीर्तनात पूर्वरंगात तत्त्व सांगतात आणि उत्तररंगात त्यास अनुरूप आख्यान लावतात. भिक्षुगीतेस खरा उत्तररंग म्हणजे नाथांचेच चरित्र. महिपतींनी अठराव्या शतकात रचलेल्या भक्तविजयादी ग्रंथांतून या कथा आपल्या घराघरांत पोहोचल्या आहेत, म्हणून त्या विस्ताराने सांगण्याची आवश्यकता नाही. त्या दोन ओळींत मांडून पाहाव्या, इतकेच.

एका ओळीत त्या कथा ठेवाव्या, ज्यांत नाथांना स्वतःला त्रास झाला. गंगास्नान करून येताना एक उद्दाम मनुष्य पुनःपुन्हा त्यांच्या अंगावर थुंकला. नाथ दर वेळी पुन्हा स्नानास गेले आणि इतक्या वेळा गोदास्नान घडविलेस म्हणून त्याचेच आभार मानते झाले. पैशाच्या लोभाने त्यांस रागावविण्याचा पण घेऊन एक ब्राह्मण घरात शिरला आणि वाढण्यास वाकलेल्या गिरिजाबाईंच्या पाठीवर चढला. तेव्हा नाथांनी ब्राह्मण पडेल, सांभाळ, असे म्हटले, आणि त्या माउलीने लेकरास पाठीवर घेऊन काम करण्याची सवय असल्याचे हसून सांगितले. इथे नाथ पूर्णपणे भिक्षुगीता जगतात. दात आपले, जीभ आपली.

दुसऱ्या ओळीत त्या कथा ठेवाव्या, ज्यांत दुःख दुसऱ्याचे होते. तापल्या वाळवंटात अस्पृश्य मानलेल्या घरचे एक लेकरू आईमागे धावताना चुकले आणि पाय भाजून रडत राहिले. नाथांनी त्यास मनोनिग्रह सांगितला काय? त्यांनी ते उचलून कडेवर घेतले, त्याचे नाकडोळे पुसले आणि त्याच्या घरी नेऊन पोहोचविले. रामेश्वरास नेण्याच्या कावडीतील गंगाजल तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी घातले. श्राद्धाच्या स्वयंपाकाचा वास रस्त्याने जाणाऱ्या भुकेल्यांना आला, तेव्हा भूक हा मनाचा विकार आहे असे प्रवचन न करता ते अन्न त्यांनाच वाढले, आणि पुढे पैठणच्या ब्रह्मवृंदाचा रोष पत्करला.

आता या दोन ओळी शेजारी ठेवून पाहा. स्वतःच्या दुःखास नाथांनी मनाचे औषध दिले आणि परदुःखास हाताचे. या दोन मापांची त्यांनी जन्मात कधी अदलाबदल केली नाही. आपण मात्र रोज करतो. आपल्या पायात काटा मोडला की जगाची व्यवस्था बिघडलेली दिसते. शेजाऱ्याच्या पायात मोडला की त्याचे प्रारब्ध आठवते. साऱ्या नीतिशास्त्राचे सार काढावयाचे झाले तर ते एवढेच निघेल की, ही अदलाबदल थांबवावी.

योगशास्त्रही हेच सांगते

कोणी म्हणेल, हा संतांचा हळवेपणा झाला. मनाचे शास्त्र वेगळे. परंतु मनाचे शास्त्र म्हणून ज्याकडे आपण बोट दाखवितो, त्या पतंजलींच्या योगसूत्रांतच याचे उत्तर आहे. चित्त प्रसन्न कशाने होते हे सांगताना पतंजली पहिल्या पादात चार भावना सांगतात: मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा. त्यांचे विषयही त्यांनी क्रमवार नेमून दिले आहेत. सुखी माणसाविषयी मैत्री, दुःखी माणसाविषयी करुणा, पुण्यवंताविषयी मुदिता म्हणजे आनंद, आणि पापाविषयी उपेक्षा.

यातील क्रम बारकाईने पाहावा. दुःखितापुढे करुणा ठेवली आहे, उपेक्षा नव्हे. उपेक्षा आहे ती पापाची, म्हणजे दुष्टाच्या द्वेषाने स्वतःचे चित्त जाळून घेऊ नये यासाठी. पापाने जो पिडला गेला त्याची उपेक्षा करावी, असे कोठेही म्हटलेले नाही. आणखी विशेष असे की, चारही भावना दुसऱ्या माणसाकडे पाहण्याच्या आहेत. एकान्तात डोळे मिटून बसणाऱ्याच्या शास्त्रानेही मनःशांतीची वाट शेजाऱ्याच्या अंगणातून काढली आहे! समाज वगळून मन शुद्ध करता येत नाही, हे यावरून कळावे.

पंढरीचा महाद्वार

आमचे वास्तव्य पंढरीचे. महाद्वाराशी चोखोबांची समाधी आहे. तिच्या दर्शनावाचून आमचा दिवस जात नाही. ज्यांच्या भक्तीस देव भुलला असे आपण कीर्तनांतून शतकानुशतके गात आलो, त्यांच्या ज्ञातिबांधवांस मात्र १९४७ सालापर्यंत त्या पायरीच्या आत प्रवेश नव्हता. त्या वर्षी मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात प्राणांतिक उपोषण आरंभिले. त्याआधी कित्येक महिने त्यांनी महाराष्ट्रभर हिंडून लोकमत जागविले होते. अखेर मंदिराची दारे हरिजनांस मोकळी झाली.

आमच्या घरी तेव्हा दोन तट पडले होते, असे वडील सांगत. आमचे आजोबा विद्वान, सच्छील, नित्य स्नानसंध्या करणारे. त्यांचे म्हणणे असे की, ज्याचे त्याचे पूर्वकर्म. देव मनात असतो, त्यासाठी गाभारा कशास हवा? वडिलांनी त्यांस एकच विचारले, "देव मनात असतो, तर मग आपण रोज गाभाऱ्यात का जाता?" आजोबा त्या दिवशी जेवले नाहीत. पुढे त्यांचा विरोध मावळला, पण त्या प्रश्नाचे उत्तर त्यांनी कधी दिले नाही.

येथेही तीच अदलाबदल झालेली दिसते. भिक्षूने कर्मास आणि ग्रहांस स्वतःच्या बाबतीत निर्दोष सोडले. आपण मात्र दुसऱ्याचे हाल समजावून सांगण्यासाठी कर्म आणि ग्रह यांनाच साक्षीला बोलावले. गुरुजींनी दोन्ही मापे नाथांप्रमाणे वापरली. दाराबाहेर तिष्ठणाऱ्यांस त्यांनी सहनशीलता शिकविली नाही; त्यांच्यासाठी दार उघडा म्हणून मागणी केली. क्लेश घेतले ते स्वतःच्या देहावर, आणि पालटू पाहिले ते मन, ज्यांच्या हाती कुलपाची किल्ली होती त्यांचे. मनाचा उपदेश कोणास करावा, याचा हा धडा प्रत्यक्ष आमच्या गावात घडला.

मग दुखावलेल्याने मन आवरू नये काय?

असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल, आणि तो रास्त आहे. ज्यावर अन्याय झाला त्यासही मन आहे, आणि रात्रंदिवस द्वेषाने जळणे हे त्याच्या दुःखात दुसरे दुःख आहे. भिक्षुगीता त्याच्याही उपयोगाची आहे, निश्चितच आहे. परंतु ती त्याने स्वतः, आपल्या वेळी, आपल्या हाताने उचलावयाची आहे. पाहणाराचे काम वेगळे. पाय भाजलेले लेकरू आधी कडेवर घ्यावे. ते शांत झाले म्हणजे त्यास गोष्ट सांगावी.

त्या बाईस आम्ही त्या रात्री काय सांगावयास हवे होते, याचा विचार आम्ही पुढे पुष्कळ केला. हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ सालीच झालेला आहे आणि त्यात विधवा पत्नी ही पतीच्या मिळकतीची पहिल्या वर्गातील वारस आहे. तिला म्हणता आले असते, बाई, कागद कसला होता, हक्कसोडपत्र की आणखी काही? सातबाऱ्याचा उतारा काढा, फेरफार कोणत्या साली झाला ते तलाठ्याकडे पाहा, तालुक्याच्या गावी वकिलास दाखवा. एवढे आम्हांस ठाऊक होते. यजमानांस एकान्तात सांगता आले असते की, भिक्षुगीता पटली असेल तर तिचा आरंभही पटवून घ्या. त्या कदर्याने भाऊबंदांचा वाटा बुडविला होता. बिदागी गेली असती. पुढचे बोलावणेही गेले असते. परंतु कीर्तन उभे राहिले असते.

तेव्हापासून आम्ही दोन नियम पाळतो. भिक्षुगीता सांगावयाची तर कदर्याचे पूर्वचरित्र गाळावयाचे नाही, मग पहिल्या रांगेत कोणीही बसलेले असो. आणि कीर्तनानंतर कोणी दुःख सांगावयास आले तर श्लोक ओठावर येण्याआधी त्यास बसवावयाचे, जेवलात काय म्हणून विचारावयाचे, आणि काय करता येईल ते पाहावयाचे.

घरच्या देव्हाऱ्याशी

हा विषय मंडपापुरता नाही, घराघराचा आहे. सून दिवसभर राबून दमली आणि दोन शब्द बोलली, तर तिला 'मनाला लावून घेऊ नये' म्हणून सांगणारे आपणच असतो, आणि भाजीत मीठ कमी पडले की मनाला लावून घेणारेही आपणच. परीक्षेत मागे पडलेल्या मुलास मनाच्या एकाग्रतेवर व्याख्यान देतो, पण त्यास रात्री झोप का येत नाही हे विचारीत नाही. धुणेभांडी करणाऱ्या बाईने चार रुपये वाढवून मागितले तर तिला समाधानाचे महत्त्व पटवितो.

जनार्दनस्वामींच्या सेवेत असता हिशेबातील एका पैची चूक शोधण्यासाठी नाथ रात्रभर जागले, ही कथा सर्वांस ठाऊक आहे. त्या एकाग्रतेचे आपण कौतुक करतो. पण तो हिशेब कोणाचा होता? स्वतःच्या शिलकीचा नव्हे, सोपविलेल्या कामाचा. दुसऱ्याची एक पैही आपल्याकडे चुकून राहू नये, यासाठी जागणारे ते मन होते. आज षष्ठीच्या रात्री देव्हाऱ्यापुढे समई लावल्यावर आपणही असा एक हिशेब काढून पाहावा. माझ्या दुःखासाठी मी आज कोणाकोणास दोष दिला? आणि दुसऱ्याचे दुःख कोणत्या सुंदर शब्दाने टाळले? पैची चूक नक्की सापडेल.

पैठणला नाथांच्या वाड्यात एक रांजण आहे. प्रत्यक्ष द्वारकाधीशाने श्रीखंड्या होऊन बारा वर्षे त्यात गोदावरीचे पाणी वाहिले, अशी श्रद्धा आहे. षष्ठीच्या उत्सवात भाविक आजही घागरी आणून तो रांजण भरतात. कोणाच्या घागरीने तो भरेल हे कोणास ठाऊक नसते, म्हणून प्रत्येक जण आपली घागर ओततो. देवाने नाथांच्या घरी बारा वर्षे प्रवचन केले नाही, पाणी भरले, हे आम्हांस दर षष्ठीस नव्याने जाणवते.

यंदाही आम्ही रांजणात एक घागर ओतू. ती त्या बाईच्या नावाची असेल. तिचे नाव आम्ही त्या रात्री विचारले नव्हते.